परक्या भांड्यांचं संग्रहालय, फक्त रविवारी

दाजी, वाद अर्धवट टाकून असं उठून जायचं असतं का हो?

रविवारसाठी माझी तयारी चालली होती. तुम्हाला काय सुनावायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे चहाचा घोट घेऊन तुम्हाला ताटकळत ठेवायचं, सगळं ठरलं होतं. आणि शुक्रवारी सकाळी दाढी करत असताना ताईचा फोन आला. म्हणाली, "विनू, हे भाजी आणायला गेले होते." मी म्हटलं, "बरं, मग?" त्या 'मग'वर पलीकडून काहीच आलं नाही. माझ्या बहिणीला गप्प करणं लग्नाआधी आम्हाला जमलं नाही, लग्नानंतर तुम्हाला जमलं नाही. ती गप्प झाली तेव्हा मला कळलं.

भाजीवाली नंतर सांगत होती, "मेथीची जुडी निवडत होते. जरा टेकतो म्हणले. टेकले ते टेकलेच." मी अजून त्या वाक्यापाशीच उभा आहे, दाजी. पुढे सरकता येत नाही. लोक येतात आणि म्हणतात, किती सुखाचं मरण, कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, मला दिला की!

मी घरातून पळालो तो एका गालावर दाढी तशीच ठेवून. दिवसभर तसाच होतो. मुक्ता पुण्याहून पोहोचली, बापाला तिनेच अग्नी दिला, मी तिच्यामागे अर्ध्या दाढीने उभा. एवढ्या गर्दीत कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता असा एकच माणूस होता, आणि तो तिरडीवर होता. तुम्ही म्हणाला असतात, "मेव्हणे, उरलेली अर्धी उडवू नका. तुर्कस्तानला पाठवू."

कारण तुर्कस्तानात एका कुंभाराच्या तळघरात बायकांच्या केसांच्या बटांचं संग्रहालय आहे, हे तुम्ही मला आयुष्यात किती वेळा सांगितलंत! छतापासून जमिनीपर्यंत बटा, प्रत्येकीला नाव-पत्त्याची चिठ्ठी. जपानात माणसाच्या पोटातल्या जंतांचं आहे. अमेरिकेत एक फक्त वाईट चित्रांचं आहे, तिथे बरं चित्र काढणाऱ्याला घेत नाहीत. आणखी एक काटेरी तारेचं. इंग्लंडात गवत कापायच्या यंत्रांचं. क्रोएशियात मोडलेल्या प्रेमांचं. लोक जुन्या प्रेमाची चप्पल, बाहुली, कुऱ्हाडसुद्धा आणून देतात. दर आठवड्याला मोबाईलवर एक नवीन शोधून काढायचात आणि मला बातमी द्यायचात, जणू नात्यात कुणाला नोकरी लागली. वर म्हणायचात, "बघा मेव्हणे, जगात एकट्या मलाच वेड लागलेलं नाही."

तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, कारखान्याचं स्टोअर तुम्ही कसं डोळ्यांत तेल घालून सांभाळलंत, हे सगळं शोकसभेत बोलून झालं. निवृत्तीनंतर काय सांभाळलंत, ते मात्र कुणी काढलं नाही. बहुधा वक्त्यांना संकोच वाटला असावा.

पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या रो-हाऊसला गाडीसाठी जागा होती. गाडी कधी आलीच नाही. तिथे तुम्ही फळ्या ठोकल्यात, फळ्यांवर भांडी मांडलीत आणि दारावर पाटी लावलीत: 'परक्या भांड्यांचं संग्रहालय. फक्त रविवारी. प्रवेश चहा घेऊन.' ताईने पाटी वाचली आणि म्हणाली, "चहा कोण करणार?" तुम्ही म्हणालात, "संस्थापकांच्या पत्नी."

आपल्याकडे प्रत्येक घरात दुसऱ्याच्या नावाची भांडी असतात. आपण भांड्यांवर नावं घालून घेतो ती हरवू नयेत म्हणून. आणि ती नावं घेऊनच भांडी हरवतात. दुकानाबाहेर बसलेल्या माणसाने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. मालती', 'चि. राजूच्या मुंजीप्रीत्यर्थ'. कोण मालती, कोण राजू, कुणाला ठाऊक नसतं. पण मालतीच्या पातेल्यात आपली आमटी रोज उकळते. तुमचं म्हणणं, यात चोर कुणीच नाही. दोष आहे तो रिकामा डबा परत द्यायचा नाही या आपल्या रीतीचा. शेजारणीने डबाभर काही दिलं की तो तसाच कसा परत द्यायचा? काहीतरी घालून देऊ. आज वरण-भात आहे, तो काय द्यायचा! दिवाळीत चिवडा घालून देऊ. दिवाळीत चिवडा खारट होतो. संक्रांतीला वड्या जमत नाहीत. तोवर शेजारीण बदली होऊन नांदेडला जाते. डबा राहतो.

तुम्ही हे सांगताना असे गंभीर असायचात, की आलेला माणूस हसावं की नाही या विचारात चहा सांडायचा.

आणि एकाही भांड्याला माहितीची चिठ्ठी नाही. मी कितीदा म्हटलं, चिठ्ठ्या लावा. तुम्ही म्हणायचात, "चिठ्ठी वाचून माणूस पुढे जातो. मी सांगितलं की थांबतो." कुशावर्तावर बदललेल्या तांब्यापाशी तर तुम्ही माणसाला हमखास थांबवायचात. त्र्यंबकला तुम्ही स्नानाला उतरलात, काठावर सगळ्यांचे तांबे सारखेच, तुम्ही भलत्याचाच उचलून आणलात. घरी येऊन पाहता तर त्यावर नाव 'गंगाधर'. तुमचा तांब्या कुठे असेल, असं कुणी विचारलं की तुम्ही शांतपणे म्हणायचात, "गंगाधररावांच्या संग्रहालयात."

दिल्लीची ती सहल आठवते? मी, ताई, तुम्ही. लाल किल्ल्याच्या दिवशी तुम्ही रिक्षा भलतीकडेच वळवायला लावलीत आणि आम्हाला शौचालयांच्या संग्रहालयात नेऊन उभं केलंत. ताईने नवी साडी नेसली होती. तुम्ही त्या फ्रान्सच्या राजाच्या सिंहासनवजा संडासासमोर हात जोडून उभे राहिलात आणि म्हणालात, "बघ, राज्य करताना उठायचीसुद्धा गरज नाही." परत आल्यावर सायंकाळी जाऊबाईंचा फोन आला, काय काय पाहिलंत म्हणून. ताईने शांतपणे सांगितलं, "संडास." आणि फोन ठेवला. महिनाभर ती तुमच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली. मीही तुमची खूप टर उडवली. पण खरं सांगू? त्या सहलीतलं मला एवढंच आठवतं. कुतुबमिनार कसा दिसतो ते मला चित्रात पाहूनच आठवावं लागतं.

आता वादाकडे येतो. खरा विषय तोच.

माझं म्हणणं सोपं होतं. परक्याची वस्तू परक्याची. मालकाला परत करा, मग करा काय करायचं ते. तुमचं म्हणणं, परत केलं की ते नुसतं भांडं उरतं. मी म्हणायचो, "लंडनचे साहेब हेच म्हणतात. सगळ्या जगाचं उचलून नेलं आणि वर सांगतात, आमच्याकडे जास्त नीट राहतं. तुम्ही म्हणजे पाथर्डी फाट्यावरचे इंग्रज!"

"इंग्रज चहा विकतात, मेव्हणे. आम्ही पाजतो."

"विषय बदलू नका."

"बरं. ही चमच्यांची बरणी बघा. यातला एकही चमचा आमचा नाही. कुणाला परत करू? लग्नाच्या पंगतीला विचारू?"

"ज्यांची नावं आहेत त्यांना तरी करा!"

"बघू," म्हणायचात, आणि गालात हसायचात. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं. पुढच्या रविवारी मी नवे मुद्दे घेऊन हजर. एकदा तर मी कायद्याचं पुस्तक आणलं होतं. तुम्ही ते हातात घेतलंत, पहिलं पान उघडलंत आणि म्हणालात, "यावर कुणा वाचनालयाचा शिक्का आहे. मुदत कधी संपली?"

असं वर्षानुवर्षं. माझं लग्नपत्रिकांचं दुकान बंद पडलं त्या वर्षी तुम्ही संग्रहालय उघडलंत. लोक मोबाईलवर पत्रिका पाठवायला लागले आणि मी घरात भिंतीकडे बघत बसायला लागलो. आंघोळीलाही उठवावं लागायचं. तेव्हा तुमचा फोन आला होता, "मेव्हणे, रविवारी या, एका डब्यावरचं नाव लागत नाही. अक्षरांचं तुम्हाला कळतं." मी आलो. मला वाटलं, निवृत्त माणूस, एकटा पडलाय, जाऊ जरा सोबतीला. मग वाद सुरू झाला आणि मी येतच राहिलो. घरी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगायचो, "जावं लागतं. दाजींना माझ्याशिवाय आहे कोण!"

शेवटच्या रविवारी मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, "तुमच्या पश्चात या पसाऱ्याचं काय? ताईच्या गळ्यात? मी स्पष्ट सांगतो, मी सगळं मोडीत घालणार." तुम्ही एक वाटी पुसत होतात. खूप वेळ पुसलीत. मग म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार आला, दाजी. सुतकाचा. तुमच्या गॅरेजचं दार बंद होतं आणि मी त्याच्याकडे तोंड करून पायरीवर बसलो होतो. उत्तर मिळेल असं मला खरंच वाटत होतं. इतका मी बावळट.

त्या दिवसांत घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारपाजारचे, नातेवाईक जेवण आणून देत होते. कुणाची खिचडी, कुणाचं पिठलं, कुणाच्या भाकरी फडक्यात बांधलेल्या. आणि दाजी, सगळं अर्थातच त्यांच्या त्यांच्या भांड्यांत! ओट्यावर, फ्रिजवर, खिडकीत, जिकडे बघावं तिकडे परकी नावं. 'सौ. सुनंदा.' 'पाटील, बंगला नं. ६.' तुम्ही असतात तर हरखून गेला असतात. मी एक पातेलं उचलून तुम्हाला हाक मारायला वळलोसुद्धा. तोंडातून 'दा' निघाला होता. मुक्ता समोर होती. तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

तेरावा झाला. पाहुणे पांगले, मुक्ताही कामावर गेली. ताईने कमरेला पदर खोचला आणि मला म्हणाली, "सगळी परत करायची."

"हो, ही ओट्यावरची मी देऊन येतो."

"ओट्यावरची आणि गॅरेजमधली. ज्याची त्याला. परक्याचं काही नको मला या घरात. घर आधीच…"

म्हणजे मी जिंकलो, दाजी! इतक्या वर्षांचा वाद, निकाल माझ्या बाजूने. आणि मी? मी तिथेच पाटावर बसलो. वाद जिंकायची ही काय तऱ्हा झाली? समोरचा मैदानातून उठून गेला म्हणून कुणी पेढे वाटतं का?

ताईने त्याच दुपारी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: 'आमच्याकडे राहिलेली आपापली भांडी कृपया घेऊन जावीत.' मी ओट्यावरची भांडी घासून, पुसून घरोघरी पोहोचवायला निघालो. दुःखाच्या घरून भांडं रिकामंच परत जातं, त्यात काही घालत नाहीत. हे मला माहीत होतं. पण सुनंदावहिनींच्या दारात रिकामा डबा पुढे करताना माझा हात असा काही अवघडला, की त्यांनीच पटकन घेतला आणि म्हणाल्या, "असू द्या हो भाऊ, असू द्या." त्या दारातून मी उलटी पावलं टाकत निघालो, कुणाचं काही चोरल्यासारखा.

त्यानंतर गॅरेजमधलं पहिलं भांडं न्यायला आल्या त्या सायखेड्याच्या शकुंतलाबाई. तुमच्या स्टोअरमधल्या जोडीदाराच्या पत्नी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय ऐंशीच्या घरात. एकट्या एसटीने आल्या. खांद्याला पिशवी. येऊन ताईपाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या हाताने पिशवीतून डबा काढून खाली ठेवला. भाकरी आणि भरीत होतं त्यात.

मी गॅरेजमधून त्यांचा डबा आणला. मोठा, कडी असलेला, 'शकुंतला' कोरलेला. मुक्ताच्या जन्माच्या वेळी ताईसाठी डिंकाचे लाडू घेऊन आलेला. तुमच्या गैरहजेरीत मीच मार्गदर्शक, म्हणून गोष्ट सांगायला घसा खाकरला. "मावशी, हा डबा तीसेक वर्षं इथे आहे. द्यायचा राहून गेला, काय करणार, आमच्या दाजींचा स्वभावच…"

त्यांनी डबा हातात फिरवून पाहिला. म्हणाल्या, "राहून कुठं गेला? ते आणून द्यायला आले व्हते की."

"कोण?"

"तुमचे दाजी. एकदा नाय, दोनदा. पयल्यांदा आले तवा चिवडा आणला व्हता यात, इथला. आता माणूस दारातून रिकामा कसा लावायचा? शेंगा काढल्या व्हत्या, भरून दिल्या. मंग डबा संगंच गेला. दुसऱ्यांदा आले तवा द्राक्षं घेऊन आले. मी मंग गूळ दिला. तवा हसले लय. म्हणले, 'शकुंतलाबाई, हा डबा काय आपल्याला सोडायचा नाय.' म्हणलं, 'नाय सोडत तर राहू द्या तिकडंच. तिथं चार मानसं त्याला बघत्यात. हितं फडताळात पडून ऱ्हाईल.'"

मी ताईकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"ज्यांचे पत्ते लागले त्या सगळ्यांकडे जाऊन आले होते," ताई म्हणाली. "लासलगावला गेले, पेठला गेले. जिथे गेले तिथून डबा भरून परत. मी कंटाळले धान्य भरून भरून. एका घरी त्यांनी ठेवून घेतलं पातेलं, तर यांना दोन दिवस जेवण गेलं नाही."

"मग मला का नाही सांगितलं? मी एवढा घसा फोडत होतो, इंग्रज म्हणालो, मोडीत घालतो म्हणालो…"

"सांगणार होते. पहिल्याच वर्षी सांगणार होते. मीच विचारलं होतं, त्याला सांगून टाका ना एकदाचं, किती ओरडतो तो." ताईने नाक पुसलं. "तर म्हणाले, सांगितलं की वाद मिटतो. वाद मिटला की विनू परत भिंतीकडे तोंड करून बसेल."

दाजी, मला कुणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. मी तिथे उभा होतो, हात तसेच डबा धरल्यासारखे, आणि डबा तर शकुंतलाबाईंच्या मांडीवर होता. मी! मी तुमच्या सोबतीला येत होतो! घरी छाती फुगवून सांगत होतो! आणि तुम्ही दर आठवड्याला वाटी पुसत पुसत माझ्या शिव्या खाल्ल्यात, चहा पाजलात, मुद्दा संपत आला की एखादा खोडसाळ प्रश्न टाकून तो पुन्हा पेटवलात. मी घरातला गोष्टीवेल्हाळ म्हणून मिरवतो. कुठल्याही लग्नात मला घोळक्यात बसवतात. आणि माझ्याच आयुष्यातली एवढी गोष्ट माझ्या नाकासमोर चालू होती, ती मला दिसली नाही. आभार मानायला तुम्ही जागा ठेवली नाहीत. भांडायलाही नाही. आता या सगळ्याचं मी काय करू?

शकुंतलाबाई उठल्या. दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून काही न बोलता चपला घालून निघाल्या. मी एसटीपर्यंत सोडायला गेलो. परत येऊन बघतो तर त्यांचा जुना डबा तिथेच, आणि भाकरी आणलेला नवा डबाही तिथेच. त्यावरही 'शकुंतला'. बाई एक न्यायला आल्या आणि दोन ठेवून गेल्या.

ताई त्या दोन डब्यांकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडते. ती हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, ते वेगळं.

हा रविवार परवाचाच. मी सकाळीच आलो. बायकोला काय सांगावं कळेना, म्हटलं, "जाऊन येतो." ती म्हणाली, "जा." तिनेही कधीच ओळखलं असावं, सगळ्यांनाच कळलं होतं बहुधा, मी सोडून. ताईने गॅरेजचं दार उघडून ठेवलं होतं. फळ्या पुसलेल्या. मी पाटी सरळ केली आणि पक्कं ठरवून आलो होतो ते बोलून टाकलं.

"ताई, भांडी कुठे जायची नाहीत. इथेच राहतील. दर रविवारी मी उघडीन. मला जेवढं आठवतं तेवढं सांगीन, उरलेलं तू सांग. ठरलं."

ताईने चहाचे कप खाली ठेवले. माझ्याकडे नीट पाहिलं. गेल्या काही दिवसांत मी दाढी कशी केली आहे, जेवतो की नाही, रात्री झोपतो की नाही, हे सगळं तिने त्या एका नजरेत तपासून घेतलं असणार. मग कमरेला पदर खोचला.

"काही ठरलेलं नाही. परक्याची वस्तू परक्याची. मी म्हणते, परत करायची."

"अगं, पण तूच तर त्या दिवशी हसलीस!"

"हसले म्हणून काय झालं? हे काय लंडन आहे? बस. चहा घे आणि सांग, का ठेवायची ते."

मी बसलो, दाजी. दोन तास बोललो, एकही मुद्दा टिकला नाही. तिची बाजू फार भक्कम आहे हो. इतकी वर्षं माझीच होती ना ती.